पाळण्यात बसवलेली ट्रान्सफर केस : एका जुन्या फोर बाय फोर ट्रकचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तात्यांचा ट्रक माझ्या शेडमध्ये आला तो ट्रॅक्टरच्या मागे बांधून. मालवण तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावर हा ट्रक सगळे ओळखतात. निस्सानच्या परवान्याखाली जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेला हा वन-टन. लिलावातून सुटला आणि दोन-तीन हात फिरून कोकणात उतरला. मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आधीच्या मालकाने काढून चार सिलिंडरचं डिझेल आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. इंजिनबदलाची नोंद आरसीवर आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे ती लागतेच, आणि ती नसलेल्या गाडीला मी हात लावत नाही.

वर्षभर हा ट्रक चिरेखाणीतून जांभा वाहतो. पण त्याचं खरं काम मे महिन्यात असतं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याआधी होड्या वाळूवरून वर, माडांच्या ओळीपर्यंत ओढून ठेवाव्या लागतात. ओली वाळू, चढण आणि मागे पाणी प्यायलेली होडी, म्हणजे फोर बाय फोर आणि लो गिअर याशिवाय गत्यंतर नाही. नेमका लो गिअरमध्ये ओढतानाच खालून मोठा आवाज झाला, लिव्हर आपोआप न्यूट्रलला आली आणि वाळूवर ऑइलचा डाग पडला.

तात्यांचं म्हणणं साधं होतं. "दोन पट्टे जाड मार आणि सोड माका. पाऊस दारात इलो." पाऊस दारात होताच. तरी मी चार दिवस मागून घेतले. तुटलं होतं ते ट्रान्सफर केसचं बांधकाम. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधून येणारा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी, हाय आणि लो गिअर देणारी पेटी. ह्या गाडीच्या हँडब्रेकचा ड्रम तिच्याच मागच्या टोकावर आहे. केस सुटली म्हणजे फक्त फोर बाय फोर गेलं असं नाही, उतारावर उभी केलेली गाडी धरायला काही उरलं नाही. होडी ओढताना ट्रकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात, त्यात पोरंही असतात. जाड पट्टा मारून ही गाडी परत किनाऱ्यावर पाठवायला माझं मन धजेना.

काय मोडलं होतं

ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. ती सुटी, चासीत मागे बसवलेली, आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट. डिझेलचा गिअरबॉक्स मूळच्यापेक्षा लांब निघाला म्हणून केस नऊ इंच मागे सरकवली होती. साहजिकच चासीतली मूळ भोकं जुळेनात. तेव्हा ज्या गॅरेजने ते काम केलं त्यांनी ५० बाय ६ चा अँगल चासीच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या फ्लँजला (आडव्या कडेला) सरळ वेल्ड करून आडवा टाकला, तसाच दुसरा मागे, आणि केसचे चारही कान, म्हणजे बोल्ट घालायला केसवरच ओतलेले भोकाचे तुकडे, त्यावर बोल्टने कसून आवळले. मध्ये रबर नाही, वॉशरसुद्धा साधाच.

वरची माती खरवडून ग्राइंडर फिरवला तेव्हा त्या अँगलचा इतिहास दिसला. मागच्या दोन वर्षांत तो तीनदा जोडला होता. एकदा नुसतं वेल्डिंग, मग वरून सहा एमएमचा तुकडा, शेवटी बारा एमएमची पट्टी. पट्टी इतकी जाड झाली की ती तुटेना. मग तुटला केसचा कान.

तुटलेला कान हातात घेऊन उजेडात धरला. तुटलेल्या तोंडावर एका कोपऱ्यातून निघालेल्या बारीक वळ्या होत्या, कालव्याच्या शिंपल्यावर असतात तशा, एकाबाहेर एक. त्या भागाचा रंग तपकिरी-काळा, गंज आणि ऑइल मुरलेला. उरलेला जेमतेम चौथा हिस्सा मात्र राखाडी, खरखरीत आणि ताजा. याचा अर्थ त्या दिवशीच्या होडीने कान मोडला नाही. तडा कित्येक महिने रोज थोडा थोडा पुढे जात होता, होडीने फक्त शेवटचा घास घेतला. लोखंड एका झटक्यात तुटतं तेव्हा अशा वळ्या उमटत नाहीत. त्या दिसल्या की जोर किती पडला यापेक्षा तोच जोर पुन्हा पुन्हा कुठून येतो हे शोधायचं असतं.

उरलेल्या तीन कानांवर रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि खडूची पूड चोळली. दहा मिनिटांत एका कानाच्या बुडाशी पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली, म्हणजे तड्यात मुरलेलं रॉकेल. चासीच्या खालच्या फ्लँजवरही, जिथे जुन्या वेल्डिंगचं टोक संपत होतं तिथूनच, इंचभर तडा निघालेला होता. तो पाहून मला केसपेक्षा जास्त काळजी वाटली.

चिऱ्यांवर चढवून पाहिलं

चासी पिळते हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती पिळते ते कोणी पाहत नाही. आम्ही पाहायचं ठरवलं. शेडच्या बाहेर जांभ्याचे चिरे रचले, त्यावर फणसाच्या जाड फळ्या टाकल्या आणि पुढचं डावं व मागचं उजवं चाक त्यावर चढवलं. (चिऱ्याला चाकाचा भार चालतो. पण नुसत्या चिऱ्यावर चासी टेकवून कोणी गाडीखाली शिरू नये, जांभा न सांगता फुटतो.) चढवण्याआधी, गाडी सपाटीवर असताना, उजवीकडचा मागचा बोल्ट काढून ठेवला होता. तेव्हा केसच्या कानाचं भोक आणि अँगलचं भोक एकावर एक बरोबर बसत होतं.

चाकं वर गेल्यावर माझ्या हाताखालचा पोरगा टॉर्च घेऊन खाली वाकला आणि ओरडला, "काका, ह्या भोक सरकला!"

मी वाकून पाहिलं. दोन भोकांमध्ये सात एमएमचा फरक पडला होता. बोल्ट घालायला गेलो तर टोकसुद्धा शिरेना. म्हणजे बोल्ट जागेवर असताना गाडी खड्ड्यात गेली की हा सात एमएम त्या ओतीव कानाला वाकून भरून काढावा लागत होता. खाणीतला रस्ता कसा असतो ते आमच्याकडे कोणालाही सांगायला नको, एका फेरीत चासी अशी दोन-तीनशे वेळा सहज पिळते. ओतीव लोखंड वाकत नाही, थकतं.

तात्या बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "म्हणजे पिळता चासी आणि मार खाता ती केस." माझं पुढचं सगळं समजावणं त्यांनी वाचवलं. तीन वेळा पट्टी जाड झाली त्याचा परिणाम उलटाच झाला होता. अँगल बारीक होता तोवर तो स्वतः थोडा वाकून कानाला वाचवत होता. जाड झाल्यावर तीही सोय गेली.

पीळ किती आणि कधी

ब्रॅकेट बनवायच्या आधी त्यावर येणाऱ्या जोराचा हिशोब मांडायला हवा. मोठं गणित नाही, पाटीवर होतं. इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ (टॉर्क) साधारण २० किलो-मीटर धरला, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर. पहिला गिअर पाचपट करतो, म्हणजे आखूड शाफ्टमधून केसमध्ये १०० शिरतात. लो दुप्पट करतो, म्हणजे केसमधून २०० बाहेर पडतात. ह्या केसमध्ये मधलं गिअर आहे, त्यामुळे आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट एकाच दिशेने फिरतात. २०० वजा १००, हे वरचे १०० किलो-मीटर केसला उलट दिशेने ढकलतात आणि ते धरायचं काम ब्रॅकेटचं.

हायमध्ये काय होतं? आत १००, बाहेर १००, वजाबाकी शून्य. हायमध्ये चालवताना ब्रॅकेटला जवळजवळ फक्त केसचं वजन पेलायचं असतं. म्हणूनच तात्या म्हणत होते की हमरस्त्यावर मालवण ते कणकवली गाडी कधी आवाज करत नाही, वाळूत गेली की करते. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्याचं कारण मात्र आजवर कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आता हे १०० किलो-मीटर कुठे धरले जातात ते बघा. जुन्या बांधणीत ते केसच्या कानांवर, म्हणजे पाव मीटरच्या अंतरावर, धरले जात होते. १०० भागिले ०.२५, प्रत्येक बाजूला ४०० किलो, एकीकडे वर आणि एकीकडे खाली. हेच टेकू चासीच्या जवळ, ६० सेंटिमीटर अंतरावर नेले तर भार १६७ किलोवर येतो. लोखंडाची जाडी तीच, भार निम्म्याहून कमी. घसरणारं चाक अचानक पकड घेतं तेव्हा हे आकडे दुप्पट-तिप्पट होतात, म्हणून मी ५०० किलो धरून पुढे गेलो. रिव्हर्समध्ये दिशा उलटते हेही लक्षात ठेवावं लागतं. जो टेकू दाबला जात होता तो आता वर ओढला जातो.

पाळणा

दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या होत्या. पीळ घट्ट धरायचा आणि चासीला हवी तशी पिळू द्यायची. यासाठी केस सरळ चासीला न जोडता मध्ये एक पाळणा केला. पाळणा ताठ, केसचे चारही कान त्यावर पक्के. पण पाळणा चासीला टांगायचा तीनच ठिकाणी, रबरावर : डावीकडे पुढे एक, डावीकडे मागे एक, उजवीकडे मधोमध एक. तीन पायांचं स्टूल कोणत्याही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, त्यातलाच प्रकार. चासीच्या दोन बाजू एकमेकींपासून वरखाली झाल्या तर पाळणा उजव्या टेकूभोवती थोडा फिरतो, केसला काहीच कळत नाही.

आधी पुठ्ठ्याचे साचे कापले. केस जॅकवर आणि लाकडी पाचरींवर तिच्या नव्या जागी उभी केली. ही जागा ठरवण्यातच एक पूर्ण दिवस गेला, आणि तो सर्वांत कामाचा दिवस होता. आखूड शाफ्टच्या दोन टोकांना क्रॉस असतात, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे. त्यांच्यामधलं अंतर फक्त ३२ सेंटिमीटर. लांब शाफ्टला १० एमएमची चूक पचते, एवढ्याशा शाफ्टला तेवढ्यानेच जवळपास दोन अंशांचा कोन पडतो. गिअरबॉक्सचा फ्लँज मागे तीन अंश झुकलेला होता, आणि जुन्या बांधणीत केस मात्र पाणसळ लावून अगदी सपाट बसवलेली. दिसायला नीट, पण दोन क्रॉसचे कोन वेगळे. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात, पहिल्याच्या जोडीने बसला तरच ही धडधड मिटते. जुना क्रॉस काढला तर कपाच्या आत बेअरिंगच्या सुयांनी पाडलेले खड्डे बोटाला लागत होते.

केसही तीन अंश झुकवली, दोन्ही फ्लँज समांतर आणले. उंचीत ११ एमएमचा फरक मुद्दाम ठेवला, त्यामुळे दोन्ही क्रॉसला दोन-दोन अंश मिळाले. शून्य अंशही नको. क्रॉस अगदी सरळ रेषेत असला की सुया जागच्या जागी राहतात आणि तिथेच खड्डा पाडतात. कोन मोजायला मोबाइल फ्लँजवर टेकवला, आडव्या रेषेसाठी गवंड्याचा ओळंबा आणि लाइनदोरी वापरली. याहून महागडं काही लागलं नाही.

पाळण्याला ७५ बाय ४० चं चॅनेल वापरलं, कानांखाली आठ एमएमच्या प्लेटा, कोपऱ्यांत गसेट, म्हणजे त्रिकोणी आधारप्लेटा. चॅनेलचं तोंड खाली ठेवलं. बंद चौकोनी पाइप जास्त ताठ असतो हे खरं, पण आमच्या हवेत त्यात एकदा खारं पाणी शिरलं की तो आतून कुजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. उघडं चॅनेल पाइपने धुता येतं आणि डोळ्यांनी तपासता येतं.

वेल्डिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोकणात इथेच घोळ होतो. कांड्या ७०१८ च्या घेतल्या. ह्या कांडीला दमट हवा मानवत नाही. पाकीट फोडून रात्रभर शेडमध्ये राहिली की आवरण ओल धरतं आणि वेल्डिंगमध्ये हायड्रोजन जाऊन नंतर तडे पडतात. उन्हात वाळवून ती ओल जात नाही, साडेतीनशे अंशांपर्यंतची भट्टी लागते. आमच्याकडे कांड्यांची छोटी भट्टी आहे, तासाभराने त्यातून काढून गरम असतानाच वापरल्या. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी नवं, न फोडलेलं पाकीट घ्यावं आणि लागतील तेवढ्याच कांड्या काढाव्यात. पाळणा केससकट जागेवर फक्त टॅक मारला, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरता जोडला. मग केस उतरवून, चार भोकांच्या जाड प्लेटवर बोल्टने आवळून, आलटून पालटून तुकड्या-तुकड्यांनी पूर्ण वेल्ड केला. केस जागेवर असताना पूर्ण वेल्डिंग केलं तर ऑइल सील भाजतात, आणि वेल्डिंगची अर्थवायर भलतीकडे लावली असेल तर करंट बेअरिंगमधून जातो. इतकं करूनही पाळणा एका बाजूला दीड एमएम ओढला गेला. ती फट शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) भरली. बोल्ट आवळून कान खाली ओढून घेतला असता तर मूळ रोग परत आला असता.

चासीवर एकही वेल्डिंग नव्या ब्रॅकेटसाठी केलं नाही. जुनं सगळं ग्राइंडरने साफ केलं. फ्लँजमधल्या तड्याच्या टोकाला सहा एमएमचं भोक मारून तो थांबवला, खाच पाडून भरला, घासून सपाट केला आणि उभ्या भागावर आतून तिरप्या टोकांची प्लेट बोल्टने लावली. टेकूंची भोकंही चासीच्या उभ्या भागातच, फ्लँजमध्ये नाहीत. चासी वाकते तेव्हा ताण सर्वांत जास्त फ्लँजवर असतो, तिथे भोक पाडणं म्हणजे तड्याला जागा काढून देणं. प्रत्येक टेकूला ८.८ ग्रेडचे चार एम-१२ बोल्ट आणि आतून आठ एमएमची पाठप्लेट.

रबर म्हणून बाजारात मिळणारी इंजिन फाउंडेशनची गोल रबरं वापरली, प्रत्येक टेकूला वर एक, खाली एक. मधून आरपार बोल्ट आणि त्यावर लेथवर कापून घेतलेली नळी. नळीमुळे बोल्ट कितीही कसला तरी रबर ठरलेल्या मापापुढे चिरडत नाही. खालच्या बाजूला मोठी वाटीवॉशर. रबर फाटलं तरी केस रस्त्यावर पडणार नाही, वाटीत अडकेल. रिव्हर्समधली वरची ओढही हीच वाटी धरते.

तुटलेला कान निकेलच्या कांडीने जोडला. आधी सगळा भाग गरम केला, इंच-इंचभर वेल्ड, लगेच हातोडीने हलके ठोके, शेवटी राखेत पुरून रात्रभर थंड. दुसऱ्या कानाचा केसाएवढा तडाही तसाच उघडून भरला. ओतीव लोखंडाचा जोड मूळच्याइतका विश्वासाचा मी मानत नाही, हे तात्यांना स्पष्ट सांगितलं. फरक एवढाच की आता त्या कानांना चासीचा पीळ सोसायचा नाही.

एक चूक

चौथ्या दिवशी गाडी चाकांवर उतरवली, फेरी मारली, आवाज नाही, लिव्हर जागेवर. मी खूश. संध्याकाळी पुन्हा चिऱ्यांवर चढवली, यावेळी पुढची दोन्ही चाकं आळीपाळीने. डावं चाक पूर्ण वर गेल्यावर पुढचा प्रोपेलर शाफ्ट पाळण्याच्या पुढच्या आडव्या चॅनेलला टेकला. मी मापं घेतली होती ती गाडी सपाट उभी असताना. स्प्रिंगचे पाटे दबल्यावर पुढचा ॲक्सल किती वर येतो ते मोजायला हवं होतं आणि मी ते राहू दिलं. वाळूत उडी बसली असती तर शाफ्ट चॅनेलवर आपटला असता आणि पाळणाच सुटला असता.

ते चॅनेल कापून ४० एमएम खाली घेतलं, दोन्ही टोकांना उतरते गसेट दिले. त्यात एक अख्खा दिवस गेला. मागच्या शाफ्टची स्प्लाइनही, म्हणजे शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा खाचांचा जोड, तेव्हाच तपासली. चाक पूर्ण लोंबकळताना ती अजून ५० एमएम आत होती, तिथे काही करावं लागलं नाही. लिव्हरच्या दांड्याची लांबी पुन्हा जुळवली. लो गिअर उडत होता तोही याच कारणाने : कान तुटल्यावर केस तिरपी होई आणि चासीवरची लिव्हर दांडा ओढून गिअर बाहेर काढी. आतली गिअरं चांगली होती. ती बदलायला सांगणारेही दोघे भेटले होते तात्यांना.

शेवटी गंज घासून इपॉक्सी प्रायमर, दोन हात रंग, आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

त्यानंतर

पहिल्या दिवशी सात होड्या वर घेतल्या. मी बरोबर गेलो होतो. शेवटची सगळ्यांत जड होती, दोरी ताणली, चाकं आधी फिरली आणि मग धरली. त्या धरण्याच्या क्षणी मी खाली वाकून पाहत होतो. केस रबरावर बोटभर डावीकडे झुकली, थांबली आणि दोरी सैल होताच परत जागेवर आली. ५० किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, दोन बोल्ट किंचित फिरले. एम-१२ ला मी ८० न्यूटन-मीटर ठेवले आहेत. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवायचं हे तात्यांनी न विसरता केलं, त्याचा मला मनापासून आनंद आहे.

जुलैच्या शेवटी गाडी परत शेडमध्ये घेतली. रेघा सगळ्या सरळ. रॉकेल आणि खडूने चारही कान तपासले, ओली रेघ कुठेच नाही. चासीतलं भरलेलं टोक कोरडं. चिऱ्यांवर चढवून पाळण्याचा उजवा टेकू मोजला, पिळताना तो आता साडेसहा एमएम खेळतो आणि परत येतो. फक्त डाव्या मागच्या टेकूचं वरचं रबर मऊ पडलेलं आहे. हँडब्रेकच्या ड्रममागचं सील थोडं झिरपतं आणि ते ऑइल नेमकं त्या रबरावर उतरतं. सील कुडाळहून मागवलं आहे. ते आणि रबर दोन्ही नारळी पौर्णिमेच्या आत बदलायचं आहे, कारण मग त्याच सात होड्या पाण्यात ढकलायच्या आहेत, आणि ते काम सगळं रिव्हर्समध्ये असतं.